पाण्याला थांबलेलं रॉयल सलून

"लोकांची डोकी बारीक झाली का काय, कळंना. कुनाचे केसच वाढंनात."

प्लायवूडच्या पलीकडून कारागीर पुटपुटले. सकाळपासून त्यांनी खुर्ची इतक्यांदा पुसली होती की आता कुणी बसलं असतं तर घसरूनच खाली आलं असतं.

मी मशीन मारत राहिले. अशा कुरकुरीला उत्तर द्यायचं नसतं. ऐकायला कुणीतरी आहे एवढं कळलं की त्यांचं भागतं, आणि मी आहे हे त्यांना मशीनच्या आवाजावरून कळतं.

स्टेशनरोडला आमची दुकानं एकाच पत्र्याखाली आहेत. पलीकडं रॉयल सलून, मालक पुंजाराम, म्हणजे हेच कारागीर. अलीकडं मी, कडूबाई. फॉल-पिको, ब्लाउज, आणि फाटलेलं काहीही. आधी हे सगळं एकच दुकान होतं. माझा नवरा वारला तेव्हा कारागिरांच्या बायकोनं, रतनबाईनं, मला हाताला धरून इथं आणलं. म्हणाली, "ह्यांचं निम्मं दुकान नुस्तं आरशात दिसतं, वापरात येत न्हाई. तू बस इथं." मध्ये प्लायवूड ठोकून घेतलं. पंखा माझ्या बाजूला आला आणि बटणं त्यांच्या बाजूला राहिली, म्हणून हात जाईल एवढा चौकोन सुताराकडून कापून घेतला. त्यातून बटणाला हात जातो आणि चहाचा ग्लासही. गावात त्याला तिकीट खिडकी म्हणतात.

रतनबाई करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. ती होती तोवर मी ह्यांना दाजी म्हणायचे. ती गेल्यावर दाजी म्हणावं तर कुणाच्या नात्यानं? परक्या बाप्याला भाऊ म्हणायची आमच्याकडं रीत आहे, पण जीभ काही तिकडं वळली नाही. मग मी कारागीर म्हणायला लागले. ते मला टेलर म्हणतात. गावानं हे नीट ऐकून ठेवलंय. बोलत कुणी काही नाही.

गिऱ्हाइकं का येत नाहीत हे खरं तर सगळ्यांना माहीत आहे. चौकात नवं जेंट्स पार्लर झालंय, हे एक. पण दुसरं असं की कारागीर एका दाढीला अर्धा तास लावतात. सुलटी करतात, मग फेस लावून उलटी करतात, मग तुरटी, मग मान मोडायची, मग पाहुण्यारावळ्यांची चौकशी. ज्याला गाडी धरायची असते तो माणूस वैतागतो. दोन-चार म्हातारे तेवढे टिकून आहेत, त्यांना कुठंच जायचं नसतं.

त्या दिवशी दुपारी फोन वाजला. कारागीर फोन नेहमी मोठ्यानं लावतात, त्यामुळं मुलाचं बोलणं मला घरात बसल्यासारखं ऐकू येतं. रविराज सुप्याच्या एमआयडीसीत कामाला आहे. चांगला मुलगा. बायको रेश्माही चांगली. दोन खोल्या आहेत, वर पाण्याची टाकी आहे, खाली दवाखाना आहे.

"अण्णा, रविवारी छोटा हत्ती घेऊन येतोय. खुर्ची, आरसे काय ते काढून ठेवा."

"बघू."

"बघू न्हाई. मागल्या महिन्यात तापानं पडला हुता, मला चार दिवसांनी कळलं. कोन बघत हुतं तुमाला?"

पेज मी करून देत होते, चौकोनातून नाही, घरी जाऊन, दिवसाउजेडी, दार सताड उघडं ठेवून. रविराजलाही ते माहीत असणार. त्यानं ते बघण्यात धरलं नाही.

"मी काय म्हनतो, इथं तुमचं हाय कोन?"

"दुकान हाय," कारागीर म्हणाले.

"दुकान काय मानूस हाय का?"

"राजाची दाढी केलेलं दुकान हाय, रव्या. आसं टेम्पोत घालून न्यायचं नसतं."

मला असलं काही ऐकायचं असलं की मी मशीनखालचं कापड काढून घेते आणि मशीन तसंच चालवते. मशीन चालू असलं की लोकांना वाटतं बाईचं लक्ष कामात आहे. त्या दिवशीही माझं मशीन चांगलं धावत होतं. सुईखाली काही नव्हतं.

कारागीर गेले तर ही जागा सुटणार, हे उघड होतं. जागेचं एवढं काही नाही. रविराज मागंच म्हणाला होता, काकू, तुमाला चौकात बघून देतो. चौकात तिकीट खिडकी नसती, एवढंच.

ती मुलगी आली तो हाच दिवस. तिशीच्या आतली, पाठीवर सॅक, पायात जाड बूट, तोंड उन्हानं लाल. माझ्या फळीपाशी येऊन म्हणाली, "काकू, इथं रॉयल सलून कुठं आहे?"

मी बोटानं तिच्या डोक्यावरची पाटी दाखवली.

तिनं वर पाहिलं, हसली. "चौकातही सगळ्यांनी इथंच पाठवलं. पण मला हे नको होतं. मला रेल्वेचं हवंय."

"रेल्वेचंच हाय ते," प्लायवूडच्या पलीकडून आवाज आला. "या, आत या."

तिचं नाव संस्कृती. पुण्याहून आलेली. राजेमहाराजांसाठी जे खास डबे बांधत, त्यांना सलून म्हणत, आणि त्यांच्यावर ती पुस्तक लिहीत होती. कुणा निवृत्त गार्डानं तिला सांगितलं होतं की वाफेच्या इंजिनांच्या काळात असल्या स्पेशल गाड्या आमच्या स्टेशनात पाण्याला थांबत. इंजिनात पाणी सोडणारी ती लोखंडी सोंड आता राहिलेली नाही. लाईन डबल झाली, वर विजेच्या तारा आल्या, आणि आमच्याकडं थांबणाऱ्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या.

गिऱ्हाईक नव्हतंच, त्यामुळं तिला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. मी चौकोनापाशी स्टूल ओढलं. ती सांगत होती आणि आम्ही दोघं दोन बाजूंनी ऐकत होतो. एका संस्थानिकाला निजायला एक डबा, बसाउठायला एक. मुदपाकखाना वेगळा, नोकरचाकर वेगळे. राण्यांच्या डब्याला दुहेरी पडदे, आणि पालखीपासून डब्याच्या दारापर्यंत दोन्हीकडून कनाती धरायच्या, म्हणजे राणीची टाचसुद्धा कुणाला दिसू नये. उन्हाळ्यात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांच्यावर पाणी मारत राहायचं. काही डब्यांत तर आंघोळीचे टब.

"गाडीत टब?" मी म्हणाले.

"हो काकू."

"आन् वळनावर पानी हिंदकळत नसंल?" कारागीर म्हणाले.

"म्हणून अशा गाड्या जपून चालवत."

"म्हंजी बाकीच्या गाड्या?"

"त्या बाजूला काढून उभ्या करायच्या. राजाची गाडी गेली की मग सोडायच्या."

"आमची पॅसेंजर आजून तशीच उभी करत्यात," कारागीर म्हणाले. "राजा कोन जातो तेवढं कळत न्हाई."

ती खूप हसली. मग सांगितलं की इंग्लंडच्या युवराजासाठी अठराशे पंचाहत्तर साली बांधलेला एक डबा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे, म्हैसूरच्या महाराजांचाही तिथं आहे. पण बाकीच्यांचं काय झालं ते नीट कुणाला सांगता येत नाही. संस्थानं गेली तसे डबे रेल्वेकडं आले, काही साहेबलोकांनी दौऱ्याला वापरले, काही मोडीत गेले. सागवान कुठं गेलं, चांदीच्या मुठी कुठं गेल्या, पत्ता नाही. "डबे सापडत नाहीत," ती म्हणाली, "पण ते जिथं थांबले तिथली माणसं सापडतात. मी ती गोळा करतेय."

मला उगाच वाटून गेलं, एवढ्या मोठ्या डब्यात तो राजा एकटा काय करत असेल. आमच्या घरात एका वाकळेत चौघी बहिणी झोपायचो, तेव्हा कधी असा प्रश्न पडला नव्हता.

मग कारागिरांनी त्यांची गोष्ट सांगितली. अख्ख्या गावाला ती पाठ आहे, तरी मी ऐकली. त्यांचा आजा भिमाजी स्टेशनबाहेरच्या लिंबाखाली दगडावर बसवून दाढ्या करायचा. एक दिवस एक गाडी पाण्याला येऊन थांबली. पांढरी, कडेनं सोनेरी पट्टा, खिडक्यांना मखमलीचे पडदे. गाव धावलं. बायांनी आरत्या आणल्या. बराच वेळ काही नाही, आणि मग पडदा हलला आणि राजानं हात बाहेर काढून दाखवला. गाव जमिनीला टेकलं. आणि थोड्या वेळानं दार किलकिलं झालं आणि आतून हाक आली, न्हावी आहे का कुणी?

"आजा आत गेला. राजाची दाढी केली," कारागीर म्हणाले. "राजानं हा रुमाल दिला."

आरशाच्या वर काचेच्या चौकटीत तो रुमाल आहे. कोपऱ्यावर रेशमानं मुकुट भरलाय. मागं उंदरानं कुरतडला होता तेव्हा कड मीच रफू केली होती.

"आज्यानं स्टेशनमास्तरला इच्यारलं, ह्या डब्याला काय म्हनत्यात? मास्तर म्हनला, रॉयल सलून. आज्याला वाटलं, जिथं राजाची दाढी करत्यात त्याला विंग्रजीत आसं म्हनत आसत्याल. तवापासनं आपलं नाव ते."

बाकीच्या दाढीच्या दुकानांनी सलून हे नाव आमचं बघून उचललं, अशी कारागिरांची खात्री आहे. संस्कृतीनं ते ऐकून डोळे पुसले, इतकी ती हसली. पण तिच्या गाडीची वेळ व्हायला आली होती. म्हणाली, "काका, मी रविवारी कॅमेरा घेऊन येते. हे सगळं परत सांगाल? पुस्तकात घालायचंय."

ती गेल्याबरोबर कारागिरांनी रविराजला फोन लावला. आपण होऊन त्यांनी मुलाला फोन केल्याचं मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं.

"रव्या, रविवारी ये. पर टेम्पो रिकामा जाईल बघ माघारी. दुकान पुस्तकात यायलंय आपलं."

रविराज म्हणाला, "खरंच पुस्तकात आलं, तर मी परत इशय काढनार न्हाई, अण्णा. पर न्हाई आलं तर तुमी गाडीत बसायचं. कबूल?"

"कबूल."

फोन ठेवल्यावर त्यांनी चौकोनातून चहा दिला. म्हणाले, "टेलर, ह्या चौकोनाच्या पडद्याला जरा टीप मारून द्या. कॅमेऱ्यात फाटकं दिसंल."

मी नवाच शिवून दिला. ब्लाउजपीस उरला होता मरून रंगाचा, मखमलीसारखा दिसणारा.

रविवारी ती आली. रविराजही आला. छोटा हत्ती रस्त्याच्या कडेला उभा केला आणि आत येऊन दुसऱ्या खुर्चीत बसला. ती खुर्ची त्याच्यासाठीच घेतली होती, तो दहावीला असताना. तिच्यावर कुणी काम केलं नाही कधी. बाहेर कॅमेरा बघायला चार माणसं उभी राहिली. मी माझ्या जागी. कापड काढून घेतलं आणि पायडल मारायला लागले.

कारागिरांनी गोष्ट छान सांगितली. रंगीत सांगितली. मुलगी मध्ये मध्ये विचारत होती, साधंच काहीबाही, पुस्तकाला लागणारं.

"काका, गाडीच्या आधी नुसतं इंजिन गेलं होतं का पुढं? राजा असला की पायलट इंजिन पाठवायचे, रूळ ठीक आहेत का बघायला."

"न्हाई बा. तसं कवा ऐकलं न्हाई."

"बरं. स्टेशनला चुना मारला होता? पताका?"

"न्हाई. अचानकच आली ना गाडी."

"पोलीस होते? रुळाच्या कडेनं माणसं उभी करत, पार मैलोन्मैल."

"पोलीस कुठले? सारं गाव डब्याला जाऊन खेटलं हुतं."

मग तिनं काही विचारलं नाही. चौकोनातून मला तिचं अर्धं तोंड दिसत होतं. ती खाली बघत कॅमेऱ्याचं कसलंसं बटण फिरवत होती, जे फिरवायची काही गरज नव्हती. मलाही तेव्हाच उमगलं. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल, पण त्या गाडीत कोण नव्हतं हे कधी मोजलं नव्हतं. पोलीस नव्हता. दिवाण नव्हता. राजाचा स्वतःचा न्हावी नव्हता. बाहेर उभ्या चौघांकडं बघितलं. त्यांतला एक म्हातारा आभाळाकडं बघत होता. मला वाटलं, ह्याला माहीत आहे. ह्या सगळ्यांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे.

संस्कृतीनं मान वर केली आणि म्हणाली, "छान झालं, काका. मी लिहीन हं हे. असंच लिहीन."

हा आवाज मला ओळखीचा आहे. ब्लाउज काखेत आवळतंय, हात वर होत नाही, आणि तरी बाई शिवणारणीचं मन मोडू नये म्हणून म्हणते, "बसतंय की." मी तिच्यावर मनातून इतकी खूश झाले की काय सांगू. लिही बाई, म्हटलं. राजा घाल, राणी घाल, हत्ती घाल. टेम्पो रिकामा जाऊ दे.

रविराज उठला. हसला. वाईट हसणं नव्हतं ते. "बरं, अण्णा. तुमी जितला."

"थांब," कारागीर म्हणाले.

त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं, घडी घातली, खुर्चीच्या पाठीवर ठेवलं.

"पोरी, नगं लिहू."

"का, काका?"

"गाडी रिकामी हुती."

मशीन माझं चालूच होतं. थांबवायचं सुचलं नाही.

"तुला मघाशीच कळलंय," ते तिला म्हणाले. "पोलिसाचं इच्यारलंस आन् मग गप बसलीस, तवाच. पर तू चांगल्या घरची हायेस. माज्यापायी पुस्तकात लबाडी नगं."

"तुम्हाला माहीत होतं?" तिनं हळू विचारलं.

"आज्यानं सांगितलं हुतं. मरायच्या आधी, मला येकट्याला. आत राजा नव्हता. डब्याचा राखनदार हुता, म्हातारा. गाद्या झटकायच्या, चांदी पुसायची, पडदं वरखाली करायचं, एवढंच त्याचं काम. राजानं ऐन येळंला मोटार काढली आन् गाडी तशीच माघारी लावून दिली. कुठनं कुठं तरी चालली हुती, लई लांबची."

"आन् हात?" रविराज म्हणाला. "हात दावला की राजानं."

"त्यानंच दावला. म्हनला, जिथं पान्याला थांबावं तिथं मानसं गोळा हुत्यात. उनात उभी ऱ्हात्यात, आरत्या घेऊन. रिकामी हाय म्हनून कसं सांगायचं? तोंडच हुईना त्याचं. मग पडद्याआडनं हात काढायचा."

बाहेरचा म्हातारा आता आभाळाकडं बघत नव्हता. पायाकडं बघत होता.

"दाढी तरी खरी का?" रविराजनं विचारलं.

"दाढी खरी. पर ती बी त्याला नको हुती. त्याच्याकडं वस्तरा हुता, आज्याच्या परास भारी. त्याला बोलाय मानूस पायजे हुतं. सारी वाट त्या मखमलीत येकला. खुर्च्या राजाच्या, बसायची चोरी. आज्याला म्हनला, तू दाढी करतूस म्हनून बसायला तरी गावलं, न्हाईतर उभ्यानंच आलोय. आज्यानं सुलटी केली, उलटी केली. तरी उठंना. म्हनला, आजून येकदा फिरीव. गालावर केस न्हाई आन् आजा आपला वस्तरा फिरवतोय, आन् त्यो बोलतोय. बायकूचं, पोरांचं, गावाकडच्या हिरीचं. इंजिनानं शिट्टी मारली तवा उठला. दारात आज्याचा हात धरला, डब्यातला ह्यो रुमाल दिला आन् म्हनला, गावाला राजाच सांग बाबा. त्यांचा हिरमोड करू नको."

एक मालगाडी गेली, न थांबता, सगळा पत्रा हलवून. ती जाईपर्यंत सगळे तसेच उभे राहिले. आरशावरची चौकट थरथरली आणि थांबली.

"मग इतकी वरसं तुमी का न्हाई सांगितलं?" रविराज म्हणाला.

"आज्यानं गावाला राजा दिला हुता. त्यो मी कसा माघारी घ्यायचा?"

संस्कृतीनं कॅमेरा केव्हाच बंद केला होता. ती म्हणाली, "काका, मी त्या राखणदाराचं लिहू का?"

"लिही," ते म्हणाले. "त्याचं लिही. त्याचं नाव आज्याला इच्यारायचं ऱ्हायलं, तेवढं लिही."

रविराज खुर्चीच्या दांड्यावरून बोट फिरवत होता. आवाज चढवला नाही त्यानं. मला वाटतं, चढवला असता तर बरं झालं असतं. कारागिरांना मग रागावता आलं असतं.

"अण्णा, चला मग. कबूल केलं हुतं तुमी. राजा न्हाई, पुस्तकात राखनदार येनार, दुकान न्हाई. गिऱ्हाईक तर न्हाईच. मी बाहेर टेम्पो लावलाय, रेश्मानं खोली आवरून ठिवलीय. इथं आता तुमचं हाय तरी कोन?"

मी पायडल जोरात मारलं. चाक गरगरत होतं, सुई खालीवर, खालीवर. दुकान हाय, म्हणा ना, मी मनात म्हणत होते. नेहमीसारखं म्हणा. पण ते उत्तर त्यांनी आत्ताच स्वतःच्या हातानं मोडून टाकलं होतं.

बाहेरची चार माणसं एकमेकांकडं न बघता उभी होती. आमच्या गावातली माणसं असं उभं राहतात तेव्हा त्यांना सगळं माहीत असतं.

"टेलर," चौकोनातून आवाज आला. "मशीन रिकामं चाललंय."

माझा पाय जागच्या जागी थांबला.

"कापडावर चालतं त्याचा आवाज येगळा, रिकामं चालतं त्याचा येगळा," ते म्हणाले, माझ्याशी की मुलाशी कळेना. "इतकी वरसं ऐकतोय मी. रतन हुती तवापासनं. सकाळी दुकान उघडतो ते त्योच आवाज ऐकायला, आन् संध्याकाळी तिकडनं मशीनला झाकन लावलं की मग हिकडनं शटर वडतो. गिऱ्हाईक आलं काय, न आलं काय."

चाक अजून फिरत होतं. मी तळव्यानं धरून बंद केलं. इतकी शांतता त्या पत्र्याखाली मी कधी ऐकली नव्हती. चौकोनातून फक्त त्यांचा हात दिसत होता, मरून पडदा बाजूला धरलेला.

"तू इच्यारलंस ना रव्या, इथं माझं कोन हाय?"

"व्हय," रविराज म्हणाला.

"कडूबाई हाय."